ब्लू ट्रेन, बेंटले आणि २१ मेची नोंद

टेरेन्स क्युनिओ या इंग्रज चित्रकाराचे एक चित्र जुन्या मोटारींचा नाद असणाऱ्या बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेले असते. एका बाजूला वाफेच्या इंजिनाची भरधाव आगगाडी, तिला समांतर रस्ता आणि त्या रस्त्यावर आगगाडीशी झुंजणारी, उतरत्या छपराची देखणी बेंटले. चित्राचा विषय मार्च १९३० मधील एक खरी घटना आहे. शर्यत झाली आणि बेंटले जिंकली, यात शंका नाही. मात्र चित्रातील मोटार त्या शर्यतीत नव्हती. असणे शक्यही नव्हते. शर्यतीच्या दिवशी ती मालकाच्या हाती आलेलीच नव्हती.

हे उघड झाले ते एका तारखेमुळे. आजचा धागा त्या तारखेविषयी आहे, आणि हातोहात फिरलेल्या मोटारीचा इतिहास कारखान्याच्या मूळ कागदांवरून कसा वाचतात, याविषयी.

आधी माणूस. वुल्फ बार्नाटो हा किंबर्लीच्या हिऱ्यांच्या व्यापारात गडगंज झालेल्या बार्नी बार्नाटोचा मुलगा. १९२६ साली तो बेंटले मोटर्स या कर्जबाजारी कंपनीचा अध्यक्ष झाला आणि स्वतःच्या पैशावर त्याने ती पाच वर्षे जगवली. ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तो तीनदा उतरला आणि १९२८, १९२९, १९३० अशी तिन्ही वर्षे जिंकला. श्रीमंताघरचा हौशी पोरगा म्हणून त्याची बोळवण करता येत नाही, ती या विक्रमामुळे.

आता पैज. कॅले बंदर आणि भूमध्य समुद्राचा किनारा यांना जोडणारी निळ्या डब्यांची आलिशान आगगाडी 'ब्लू ट्रेन' या नावाने प्रसिद्ध होती. १९३० च्या आरंभी रोव्हर कंपनीच्या एका मोटारीने तिला हरवल्याची जाहिरात गाजत होती. कान येथे मंडळी जमली असताना बार्नाटो म्हणाला, त्यात विशेष ते काय? ब्लू ट्रेन कॅलेला पोहोचण्याआधी मी लंडनला माझ्या क्लबात पोहोचून दाखवतो. पैज शंभर पौंडांची.

१३ मार्च १९३० रोजी सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास आगगाडी कानच्या स्थानकातून सुटली आणि बार्नाटो आपल्या स्पीड सिक्स बेंटलेत बसून निघाला. सोबतीला डेल बोर्न हा हौशी गोल्फपटू, आळीपाळीने मोटार हाकण्यासाठी. लियाँजवळ मुसळधार पाऊस लागला. पहाटे चारच्या पुढे ओसेर येथे ठरलेले पेट्रोल शोधण्यात वेळ गेला. पॅरिसजवळ धुके. पुढे एक टायर फुटला आणि जवळचे एकमेव जादा चाक वापरावे लागले. सकाळी साडेदहाला ते समुद्रकिनाऱ्यावर पोहोचले, बोटीने खाडी ओलांडली आणि दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरील कॉन्झर्व्हेटिव्ह क्लबापुढे मोटार उभी केली. ब्लू ट्रेन कॅलेला पोहोचायला अजून चार मिनिटे होती. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत केली म्हणून फ्रान्समधील मोटार उत्पादकांच्या संघटनेने बेंटले कंपनीला सुमारे १६० पौंड दंड ठोठावला. पैज जिंकूनही व्यवहार तोट्यात गेला तो असा.

पुढे या पराक्रमाची मोटार म्हणून जी प्रसिद्धीस आली ती गर्नी नटिंग या कारागिरांनी बांधलेली स्पीड सिक्स कूपे, चासी क्रमांक एचएम २८५५. ठेंगणे छप्पर, अरुंद खिडक्या, मागे आडवे बसणाऱ्या एकाच प्रवाशाची जागा. ती पाहिल्यावर दुसरी कुठली मोटार आगगाडीला हरवू शकली असेल, हे मनाला पटतच नाही! तिचे नाव ब्लू ट्रेनवरून पडले, ती चित्रात आली, संग्राहकांत आणि प्रदर्शनांत तिचा मान वाढत गेला. प्रत्येक नव्या मालकाने मागच्या मालकाकडून कथा ऐकली आणि पुढच्याला सांगितली.

मात्र कारखान्याच्या नोंदीनुसार ही कूपे बार्नाटोच्या ताब्यात आली ती २१ मे १९३० रोजी. म्हणजे शर्यतीनंतर दोन महिने आणि एक आठवडा.

या एका ओळीपुढे इतक्या वर्षांच्या आठवणी कशा टिकणार? मार्चमध्ये बार्नाटोकडे असलेली मोटार वेगळी होती. एच. जे. मलिनर यांनी बांधलेली चार दारांची सलून, चासी क्रमांक बीए २५९२. उभट, पोक्त, दिसायला एखाद्या बँकेच्या संचालकाची वाटावी अशी. बार्नाटोने नवी कूपे घेतली आणि ताज्या विजयाची आठवण म्हणून तिला ब्लू ट्रेनचे नाव दिले. नाव स्मरणार्थ होते. ऐकणाऱ्यांनी ते कर्तृत्वाचे मानले. क्युनिओने पुढे चित्र काढले ते या रूढ समजुतीवर. त्या चित्रात आणखी एक गफलत आहे, ती नकाशा उघडला की दिसते: चित्रात दाखवल्याप्रमाणे रस्ता आणि लोहमार्ग त्या प्रवासात शेजारी-शेजारी धावतच नाहीत.

आता प्रश्न असा, की ही तारीख इतकी विश्वसनीय का मानायची? कागद आहे म्हणून तो खरा, असे इतिहासाचा विद्यार्थी कधीच म्हणत नाही. तो आधी विचारतो, कागद कोणी लिहिला, कशासाठी लिहिला, आणि खोटे लिहून त्याचा काही लाभ होता का?

त्या काळी बेंटले कंपनी संपूर्ण मोटार विकत नसे. लंडनच्या क्रिकलवुड भागातील तिच्या कारखान्यात तयार होई ती चासी, म्हणजे सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, चाके. गिऱ्हाईक ती चासी आपल्या पसंतीच्या बांधणीकाराकडे पाठवी. तो लाकडाचा साटा करून त्यावर पत्रा किंवा कापड चढवी, दारे-खिडक्या, बैठका बसवी. वरचा साज कोणाचाही असो, कंपनी चासीची हमी देत असे, तीही तब्बल पाच वर्षांची. हमीची मुदत कधी सुरू झाली आणि कधी संपणार, हे नक्की ठाऊक असणे कंपनीच्या तिजोरीच्या दृष्टीने गरजेचे होते. दुरुस्ती फुकट करून द्यायची की बिल लावायचे, हे त्या तारखेवर ठरे.

म्हणून प्रत्येक चासीच्या नावे नोंद उघडली जाई. चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, नोंदणी क्रमांक, पहिल्या मालकाचे नाव, बांधणीकार कोण, बांधणी कोणत्या प्रकारची, मोटार ताब्यात कधी दिली. त्याखाली पुढील वर्षांतील कामे: अमुक तारखेला आली, अमुक भाग बदलला, अमुक तक्रार होती. लिहिणारा कारकून. त्याला ब्लू ट्रेनशी काही देणे-घेणे नव्हते. २१ मे ही तारीख पुढे कोणाच्या कथेच्या आड येईल, याची त्याला कल्पनाही असणार नाही. त्याचा हा निरिच्छपणाच आपल्या उपयोगी पडतो.

मराठी वाचकाला ही पद्धत नवी नाही. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने छापायला घेतली तेव्हा भांडण याच मुद्द्यावर होते. बखर रसाळ असते, वर्षांनंतर लिहिलेली असते आणि कोणाच्या तरी गौरवासाठी लिहिलेली असते. हिशेबाचा कागद, महजर, निवाडा, शकावलीतील एखादी कोरडी ओळ ही त्या-त्या वेळच्या गरजेतून लिहिलेली असते. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि तिच्यातील फाल्गुन वद्य ३ शके १५५१ या एका नोंदीने शिवजन्माच्या तिथीचा रूढ समज हलवला. तुलना विषयांची नव्हे, रीतीची आहे. क्युनिओचे चित्र ही बखर आणि क्रिकलवुडची वही ही शकावली, एवढे ध्यानात घेतले की पुढचे सोपे होते.

अर्थात कागद जेवढे बोलतो तेवढेच ऐकावे. २१ मेची नोंद कूपेचा दावा निखालस खोडून काढते, पण मलिनर सलून १३ मार्चच्या रात्री ओसेरच्या रस्त्यावर होती, असे काही ती स्वतः सांगत नाही. सलूनचा दावा उभा राहतो तो वेगळ्या मार्गाने: त्या दिवसांत ती बार्नाटोकडे होती, ती स्पीड सिक्स होती आणि कूपे बाद झाल्यावर दुसरा उमेदवार उरत नाही. पहिला पुरावा थेट आहे, दुसरा परिस्थितीजन्य. दोन्हींचे वजन सारखे मानण्याची घाई करू नये. माझ्या मते सलूनची बाजू भक्कम आहे, पण तिचा पाया वेगळा आहे, हे सांगून मगच ते म्हणावे.

सलूनकडे इतकी वर्षे कोणाचे लक्ष का गेले नाही, यालाही कारण आहे. जुन्या बेंटलेंच्या बाजारात उघड्या, ल मान्सच्या थाटाच्या मोटारींना मागणी. बंद, जड सलूनला गिऱ्हाईक नाही. त्यामुळे असंख्य चासींवरचे मूळ सलूनचे साज उतरवून तेथे उघडी बांधणी चढवली गेली. बार्नाटोच्या सलूनचेही हेच झाले. साज आणि चासी यांची फारकत झाली आणि पुढे संशोधनानंतर त्यांची पुन्हा गाठ घालण्यात आली. सुटा साज हा निव्वळ पत्रा आणि लाकूड असतो. तो कोणत्या चासीचा, हे सांगायला पुन्हा कारखान्याची नोंदच लागते.

इतर कारखान्यांकडेही असे कागद आहेत. पोर्शेचे 'कार्डेक्स' म्हणजे प्रत्येक मोटारीमागे ठेवलेले कार्ड; मर्सिडीजच्या कार्डावर चासी, इंजिन, रंग आणि आतील सजावट यांचे संकेतांक असतात; जॅग्वारच्या मूळ उत्पादन-नोंदवह्यांवरून आजही मालकाला दाखला मिळतो. जुनी मोटार विकत घेणारा शहाणा माणूस बॉनेट उघडून इंजिनावर ठोकलेला क्रमांक पाहतो आणि तो कागदावरील क्रमांकाशी ताडतो. जुळला तर किंमत वाढते. वाढते म्हणूनच काही लबाड हात क्रमांक घासून नवे ठोकतात. धातूवर नवा क्रमांक ठोकता येतो. कारखान्याच्या जुन्या वहीत शिरून ओळ बदलणे मात्र फार कठीण.

आता धाग्याचा दुसरा भाग. माणूस तोच, मॉडेल तेच, काळही तोच. या दुसऱ्या मोटारीच्या कथेत मात्र घटना निर्विवाद होती आणि लोखंडच बदलत गेले होते.

१९२९ च्या ल मान्स शर्यतीत बेंटलेंनी पहिले चारही क्रमांक पटकावले. सर्वांत पुढे होती बार्नाटो आणि टिम बर्किन यांची स्पीड सिक्स. तिच्या अंगावर १ हा आकडा होता, म्हणून ती पुढे 'ओल्ड नंबर वन' म्हणून ओळखली गेली. पुढच्या वर्षी बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांनी तीच मोटार घेऊन पुन्हा ल मान्स जिंकले. एकाच मोटारीने लागोपाठ दोनदा!

शर्यतीची मोटार म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे. प्रत्येक शर्यतीनंतर ती उघडली जाते, झिजलेले काढले जाते, सुधारलेले बसवले जाते. ओल्ड नंबर वनचा सांगाडाही बदलला गेला. १९३१ साली बेंटले कंपनी बुडाली आणि सुमारे सव्वा लाख पौंडांना रोल्स-रॉईसच्या घशात गेली. मोटार बार्नाटोकडे राहिली. ब्रुकलंड्सच्या ५०० मैलांच्या शर्यतीसाठी तिची नव्याने बांधणी झाली आणि १९३१ मध्ये जॅक डन्फी व सिरिल पॉल यांनी ती शर्यत जिंकली. १९३२ साली तिच्यात आठ लिटरचे दांडगे इंजिन बसवण्यात आले. त्या सप्टेंबरात जॅककडून मोटार त्याच्या भावाने, क्लाइव्ह डन्फीने, हाती घेतली. ब्रुकलंड्सच्या उंच कलत्या वळणावर मोटार काठावरून पलीकडे गेली आणि क्लाइव्ह जागीच ठार झाला. आदल्या वर्षी एका भावाला विजय देणारी मोटार यंदा दुसऱ्याचा जीव घेऊन गेली. त्यानंतर बार्नाटोने तिचे अवशेष टाकून दिले नाहीत. ती दुरुस्त करून, वर बंद साज चढवून रस्त्यावर वापरण्याजोगी करून घेतली.

अनेक वर्षांनी, एप्रिल १९९० मध्ये, या मोटारीचा सौदा झाला. विकत घेणारी होती मिडलब्रिज सिमिटर ही कंपनी. किंमत एक कोटी पौंड. कबुली देऊन झाल्यावर कंपनीने हात आखडता घेतला. म्हणणे असे, की आम्हाला 'ओल्ड नंबर वन' विकत दिली जाणार होती आणि ही ती मोटारच नव्हे. ल मान्स जिंकणाऱ्या मोटारीतले हिच्यात उरले आहे तरी काय? मालक लंडनच्या उच्च न्यायालयात गेला आणि न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे एका मोटारीची वंशावळ उलगडू लागली.

निकालात भाग मोजले गेले. १९२९ साली पहिल्यांदा धावलेल्या मोटारीपैकी जवळजवळ काहीच उरलेले नव्हते. १९३० च्या विजयी मोटारीतील पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे आवरण आणि स्टिअरिंगचा खांब एवढेच काय ते शिल्लक. बाकीचा भरणा १९३१ आणि १९३२ च्या बांधणीतला. कोणी म्हणेल, मग खटला संपला. कंपनीचा तर्क बिनतोड वाटतो.

न्यायमूर्तींनी तो मान्य केला नाही. त्यांनी तीन शब्द वेगळे केले. ही मोटार 'मूळ' आहे का? नाही, मूळ राहायची तर ती कारखान्यातून निघून थेट गोदामात किंवा संग्रहालयात जायला हवी होती. ल मान्स जिंकली त्या दिवशी होती तशीच 'खरी' आहे का? तेही नाही. मग 'अस्सल' आहे का? येथे उत्तर होकारार्थी आले. बदल एकदम झाले नाहीत. ते क्रमाक्रमाने, शर्यतीमागून शर्यत होत गेले आणि प्रत्येक नवा भाग आधीच्या मोटारीत सामावला गेला. साखळी कोठेही तुटली नाही. कोणत्याही क्षणी बोट ठेवून, येथे जुनी मोटार संपली आणि नवी सुरू झाली, असे म्हणता येत नाही. शिवाय या नावावर हक्क सांगणारी दुसरी मोटार जगात नाही, पूर्वीही नव्हती.

हा निकाल मला तरी पटतो. आपल्याकडे मंदिराचा गाभारा जुना, सभामंडप पेशवाईतला, कळस परवाच्या जीर्णोद्धारातला असतो. म्हणून देवस्थान वेगळे झाले असे कोणी म्हणत नाही. मात्र एक अट आहे. जीर्णोद्धार कधी झाला, कोणी केला, जुने काय ठेवले आणि नवे काय घातले, याची नोंद हवी. अशी नोंद नसेल तर 'अखंड परंपरा' हा नुसता दावा उरतो आणि तो कोणीही कशाबद्दलही करू शकतो. एखादा गंजका सांगाडा शोधायचा, त्यावर सगळे नवे चढवायचे आणि हीच अमक्याची मोटार म्हणायचे, असे प्रकार जुन्या मोटारींच्या धंद्यात कमी नाहीत. त्या मोटारीत आणि ओल्ड नंबर वनमध्ये फरक सिद्ध होतो तो प्रत्येक फेरबदलामागच्या तारखेने.

या दोन बेंटले शेजारी उभ्या करून पाहाव्यात. कूपेचे लोखंड, साज, चासी यांची गाठ पक्की. तिच्या नावाची शर्यत मात्र तिने कधी धावलीच नाही. ओल्ड नंबर वनने दोन ल मान्स जिंकल्या आणि आज त्यांतल्या पेडलचा दांडा तिच्याजवळ आहे. पहिलीचा कागद तिच्या कथेविरुद्ध बोलला, दुसरीची वंशावळ तिच्या लोखंडाविरुद्ध उभी राहून तिच्या बाजूने बोलली.

कूपेचे पुढे काय झाले, असे काही जण विचारतील. तिचा मान फारसा ओसरला नाही. बार्नाटोची स्वतःची मोटार, एकमेव बांधणी, त्यात ते रूप. २००५ साली शर्यतीला ७५ वर्षे झाली तेव्हा बेंटले कंपनीने 'ब्लू ट्रेन' नावाची अर्नाज मोटारींची खास मालिका काढली, म्हणजे नावाची जादू कायम आहे. फक्त आता तिच्याविषयी लिहिताना जाणकार दोन मोटारींचा उल्लेख करतात आणि सलूनचे नाव आधी घेतात.

आणि मिडलब्रिजचा खटला? २७ जुलै १९९० रोजी निकाल मालकाच्या बाजूने लागला. सौद्याच्या दिवशी विकायला काढले होते ते लोखंडाबरोबर मोटारीचा इतिहास आणि तिचा लौकिकही, असे न्यायालयाने नमूद केले आणि कंपनीने मान्य केलेला करार तिच्यावर बंधनकारक ठरवला.